तांबड्या चिखलापासून काळ्या रानापर्यंत: सीमाभागात फोर-बाय-फोरची निवड

बेळगाव जिल्ह्याची जमीन दोन स्वभावांची आहे. पश्चिमेला खानापूर तालुक्यात सह्याद्रीचा पाऊस, जांभा दगड आणि तांबडी माती. उत्तरेला निपाणी-चिकोडीकडे ऊस आणि तंबाखूचे काळे रान. या दोन टोकांमध्ये मोटारीने अडीच-तीन तासांचेच अंतर आहे, पण एका टोकाला उपयोगी पडणारी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी गाडी, दुसऱ्या टोकाला तितकीच उपयोगी पडेल का, हा प्रश्न या वर्षी आमच्या दोन घरांपुढे एकाच वेळी उभा राहिला. आमची काजूची बाग जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या वाटेवर, डांबरी रस्त्यापासून बरीच आत आहे. थोरल्या ताईचे सासर निपाणीजवळ आहे. दोन्ही घरच्या जुन्या गाड्या आता बदलायला झाल्या आहेत आणि दाजींचे म्हणणे असे, की दोघांनी एकच गाडी घ्यावी, म्हणजे मेकॅनिक एक, सुटे भाग एक आणि अडीनडीला एकमेकांची गाडी वापरताही येईल. म्हणणे समंजसपणाचे होते, म्हणूनच ते दोन्ही मातींत तपासून पाहायचे ठरले. तीनदारी डिझेल थार मावसभावाची, जिम्नी माझ्या वर्गमित्राची, पाचदारी गुरखा दाजींच्या चुलतभावाची, अशा तीन गाड्या जमल्या. पाचदारी थार रॉक्स रविवारी निपाणीत आणायचे एका स्नेह्यांनी कबूल केले. हस्त नक्षत्र लागलेले होते, त्यामुळे दोन्हीकडे चिखल मिळणार याची खात्री होती.

गुरुवार: बेळगाव

गाडीची चर्चा आपल्याकडे अश्वशक्तीपासून सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच संपते. आम्ही मुद्दाम मोजपट्टी आधी काढली. थार आणि जिम्नी या दोन्हींची लांबी ३९८५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरच्या आत बसणारी, अगदी सारखी आहे. परंतु थार १८२० मिलिमीटर रुंद आहे आणि जिम्नी १६४५. हा पाऊणेदोनशे मिलिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. गुरखा या दोघींपेक्षाही रुंद, १८६५ मिलिमीटर, आणि उंची दोन मीटरच्या वर. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर, म्हणजे व्हीलबेस, थारचा २४५०, जिम्नीचा २५९० आणि पाचदारी गुरखाचा २८२५ मिलिमीटर.

इंजिनांची गोष्ट अर्थातच वेगळी आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आलेल्या या थारचे २.२ लिटरचे डिझेल इंजिन १३० अश्वशक्ती आणि ३०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, देते. २०२४ मध्ये सुधारून आलेल्या गुरखाचे २.६ लिटरचे डिझेल इंजिन १४० अश्वशक्ती आणि ३२० न्यूटन मीटर देते. २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या पाचदारी जिम्नीला फक्त दीड लिटरचे पेट्रोल इंजिन मिळते. त्याची ताकद १०५ अश्वशक्ती आणि टॉर्क अवघा १३४ न्यूटन मीटर. मात्र जिम्नीचे वजन बाराशे किलोच्या आसपास आहे आणि बाकीच्या दोन्ही गाड्या तिच्यापेक्षा कितीतरी जड आहेत, ही बाब टॉर्कच्या आकड्याशेजारीच लिहून ठेवली पाहिजे.

तिन्ही गाड्यांचा मूळ ढाचा सारखा आहे: शिडीसारखी चेसिस, तिच्यावर बसवलेली बॉडी, आणि लो रेंज, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारे जादा गिअर, असलेला ट्रान्सफर केस. तिन्हींची फोर-व्हील ड्राइव्ह गरजेपुरती वापरायची आहे. ती लावली, की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच गतीने फिरतात. वळणावर मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचे असते. चिखलात चाके थोडी घसरतात आणि हा फरक भरून निघतो, कोरड्या डांबरावर तो भरून निघत नाही आणि सगळा ताण गिअर व शाफ्टवर येतो. फोर-बाय-फोर लावून डांबरावर मिरवणाऱ्या मंडळींनी हे लक्षात घेतले, तर त्यांचे पुष्कळ पैसे वाचतील.

आपापल्या पसंतीमागे प्रत्येकाच्या आठवणीही होत्या. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने कॅम्पातल्या रस्त्यांवर लष्कराच्या जिप्सी पाहत आमची पिढी वाढली. १९८५ मध्ये आलेल्या मारुतीच्या त्या छोट्या, हलक्या गाडीविषयीचा विश्वास वर्गमित्राने त्याच कंपनीच्या जिम्नीवर ठेवला आहे. दाजींच्या भागात वडापच्या ट्रॅक्स आणि क्रूझर दिवसभर धावतात. त्याच कंपनीची, म्हणजे पूर्वीच्या बजाज टेम्पोची आणि आताच्या फोर्स मोटर्सची गुरखा म्हटल्यावर तिकडचा कुठलाही मेकॅनिक हात लावायला कचरत नाही, असे ते ठामपणे सांगतात. या भागात हा मुद्दा हलका समजू नये.

संध्याकाळी टायर पाहिले. थारला आणि गुरखाला ऑल-टेरेन, म्हणजे रस्ता आणि चिखल दोन्हींसाठीचे, टायर होते, जिम्नीला कंपनीतून आलेले, रस्त्यासाठीचे. असे असताना चिखलात तिघींची तुलना करणे म्हणजे अर्धी तुलना टायरांचीच करणे होय. म्हणून प्रत्येक निष्कर्षापुढे टायरचा प्रकारही वहीत लिहायचा, असे आम्ही ठरवले.

शुक्रवार: जांबोटी ते कणकुंबी

पिरनवाडीला खानापूरचा रस्ता सोडून किणये मार्गे निघालो, की शिवाराचा रंग हळूहळू बदलू लागतो. पोटरीला आलेली भातशेती, मध्येच काजूचे आणि उसाचे तुकडे, आणि जांबोटीच्या अलीकडे कुसमळीला मलप्रभेचे भरून वाहणारे पात्र. जांबोटीत चहा घेऊन दहाच्या सुमारास बागेच्या फाट्याला पोहोचलो. आमची आई हौसेने बरोबर आली होती.

इथून पुढे पाणंद आहे. दोन्ही बाजूंना जांभ्याच्या दगडांचे गडगे, त्यांवर घाणेरीची झुडपे, आणि मध्ये बैलगाडीच्या मापाने आखलेली वाट. सर्वांत अरुंद जागी दोन गडग्यांमधील अंतर आम्ही मोजले. ते दोन मीटर दहा सेंटीमीटर भरले. आरसे मिटून जिम्नी मधोमध उभी केली, तर दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरते. थारला चौदा सेंटीमीटर उरतात आणि गुरखाला जेमतेम बारा. कोरड्या वाटेवर सावकाश नेली तर बारा सेंटीमीटरही पुरतात. पण ओल्या तांबड्या मातीत गाडीचा मागचा भाग हातभर सरकायला क्षण लागत नाही, आणि तिथे शेजारी दगड असतो. आदल्या दिवशी किरकोळ वाटलेल्या पाऊणेदोनशे मिलिमीटरचा अर्थ या गडग्यांमध्ये उभे राहिल्यावर कळतो.

अरुंद जागेनंतर लगेच काटकोनात वळण आहे. जिम्नी आणि थार एका दमात वळल्या. गुरखा तिच्या लांब व्हीलबेसमुळे एका दमात वळू शकत नाही. पुढे-मागे करत, प्रत्येक वेळी कोणीतरी खाली उतरून दगड दाखवत, तिला बाहेर काढावे लागले. बागेची राखण करणारे काका गडग्यावर बसून हे सगळे शांतपणे पाहत होते. “गाडी लई मजबूत हाय बगा,” ते म्हणाले, “पण रोज वळणार कुठं ओ ती?” त्यांच्या या प्रश्नाला गुरखाच्या मालकाकडेही उत्तर नव्हते आणि त्याने ते मोकळेपणाने मान्य केले.

वळणापुढचा चढ हा या वाटेचा खरा कस आहे. पावसाळाभर पाणी वाहून वरची माती निघून गेलेली असते आणि खालचा जांभा शेवाळून निसरडा झालेला असतो; त्यावर कुठे बोटभर, कुठे चार बोटे तांबडा राडा. आधी जिम्नी गेली, फोर-लो मध्ये, म्हणजे लो रेंजवर चारही चाके लावून, दुसऱ्या गिअरवर. मध्यावर एका खळग्यात तिचे मागचे डावे चाक हवेत गेले आणि जागच्या जागी गरगरू लागले. मी खाली वाकून ते चाकच पाहत होतो. आधी तांबड्या पाण्याची एक रेघ गडग्यावर उडाली, मग ब्रेक लागत असल्याचा टकटक असा तुटक आवाज आला, चाकाची गती मोडली, आणि त्याच क्षणी पलीकडचे जमिनीवरचे चाक जोर घेऊन फिरले. ब्रेकच्या साहाय्याने मोकळ्या चाकाला आवरून जोर दुसऱ्या बाजूला पाठवण्याची ही व्यवस्था काम करायला एक-दोन सेकंद घेते, आणि तेवढा वेळ चालकाने पाय स्थिर ठेवायचा असतो. चाक गरगरले की ॲक्सिलरेटर सोडण्याची सवय सर्वांनाच असते. ती मोडली, तर ही हलकी गाडी कल्पनेपेक्षा खूप पुढे जाते. जिम्नीचे पुढचे आणि मागचे दोन्ही ॲक्सल सलग आहेत, त्यामुळे एका बाजूचे चाक उचलले गेले की दुसऱ्या बाजूचे आपोआप खाली दाबले जाते. खडकाळ चढावर याचा फायदा स्पष्ट दिसतो. तिचे १९५ मिलिमीटरचे अरुंद टायर वरचा पातळ राडा कापून खालच्या जांभ्याला भिडत होते, हेही मी वहीत लिहिले.

थार या चढावर वेगळ्या रीतीने चढली. डिझेलचा टॉर्क इतका खालपासून मिळतो, की पहिल्या गिअरवर फोर-लो मध्ये पाय न देताही ती वर सरकत राहिली. तिच्या पुढच्या चाकांची सस्पेन्शन स्वतंत्र असल्याने खळग्यात चाक लवकर उचलले गेले, पण मागच्या ॲक्सलचे लॉक, म्हणजे त्याची दोन्ही चाके एकत्र जखडणारी व्यवस्था, लागले आणि ती निघाली. गुरखाने मागचे लॉक लावून चढ सर्वांत निश्चिंतपणे पार केला. मात्र लॉक लागले, की दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात आणि गाडी सरळच जाऊ पाहते. दोन्ही बाजूंना गडगा असताना हा हट्ट धोक्याचा आहे, म्हणून वळणाआधी लॉक काढणे भाग होते.

बागेच्या तोंडाशी आमचा स्वतःचा ओहोळ आहे, त्यात पोटरीभर पाणी होते. तिन्ही गाड्यांना ते काहीच नव्हते. इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. अलीकडे पाण्यात गाडी घालून चित्रफीत काढण्यासाठी लोक थेट मलप्रभेच्या पात्रात उतरतात. हीच नदी पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थच्या धरणात साठते आणि हुबळी-धारवाडला पाणी पुरवते. ॲक्सलला लागलेले ग्रीस, इंजिनाखालचे तेल आणि चाकांचा चिखल घेऊन त्या पात्रात शिरण्याचा अधिकार कोणत्याही गाडीच्या जोरातून मिळत नाही. खानापूरच्या जंगलाचा मोठा भाग २०११ पासून भीमगड वन्यजीव अभयारण्य आहे. तिथल्या आडवाटा वनखात्याच्या आणि गावकऱ्यांच्या आहेत. परवानगीशिवाय तिथे चाक घालू नये. आम्ही स्वतःची बाग, पाणंद आणि सार्वजनिक रस्ता यांच्या बाहेर कुठेही गेलो नाही, आणि चाचणीला तेवढे पुरेसे होते.

मुक्काम कणकुंबीला केला. मलप्रभा इथेच उगम पावते. माउली देवीचे दर्शन घेऊन जेवायला बसलो तेव्हा पावसाने पुन्हा जोर धरला होता, आणि नाचण्याची भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ यांच्याबरोबर लॉक श्रेष्ठ की हलके वजन श्रेष्ठ, हा वाद रात्री उशिरापर्यंत चालला.

शनिवार: चोर्ला घाट आणि खानापूर

हा दिवस डांबराचा होता. बागेला जाणाऱ्या गाडीचेही बहुतेक आयुष्य डांबरावरच जाते, म्हणून तो वगळून चालणार नव्हते. कणकुंबीहून चोर्ला घाटात गोव्याच्या बाजूला थोडे उतरून परत चढलो. चढावर जिम्नीला तिसऱ्या गिअरवर यावे लागते आणि इंजिनाचा आवाज वाढतो. मागे गोव्याचा मालट्रक लागला असेल, तर हे जाणवते. थार आणि गुरखा त्याच चढावर वरच्या गिअरमध्ये सहज राहतात. वळणांवर तिन्ही उंच गाड्या झुकतात, त्यामुळे मोटारीच्या सवयीने वळणात शिरणाऱ्याने वेग आधीच कमी करावा.

दिवसाचा खरा निर्णय मात्र आईने दिला. तिला तिन्ही गाड्यांत मागे बसवून आळीपाळीने आणले. तीनदारी थारमध्ये मागे जाण्यासाठी पुढची सीट वाकवून अरुंद फटीतून चढावे लागते. आईच्या गुडघ्यांना ते जमेना. गुरखाला दार आहे, पण पायरी उंच. एकदा चढून बसल्यावर आत ऐसपैस जागा आहे, हे तिने आपणहून सांगितले. जिम्नीचे मागचे दार लहान आहे आणि सीट चारच माणसांची, तरी ती हात न धरता चढली व उतरली. “माझ्यासाठी मोठी गाडी नको रे,” ती म्हणाली, “मागं दार असलेली घे.” मावसभावाला हे फारसे रुचले नाही, पण आपल्या मावशीपुढे, म्हणजे आमच्या आईपुढे, तो काही बोलला नाही.

सामानाचा हिशेब जिम्नीच्या विरुद्ध जातो. मागची सीट उभी असताना तिच्या डिकीत २०८ लिटर जागा मिळते. काजूचे एक पोते आडवे टाकले की ती संपली. सीट पाडली, तर हंगामात चालून जाईल, पण मग मागे माणूस बसणार नाही. जास्तीचा माल आम्ही आजही भाड्याच्या टेम्पोनेच आणतो, म्हणून हा दोष मी पत्करण्याजोगा मानला. दुपारी जांबोटीहून खानापूरला आलो आणि संध्याकाळपर्यंत बेळगाव गाठले.

रविवार: निपाणीचे काळे रान

काकती, हत्तरगी, संकेश्वर करत राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून निघालो. सत्तर किलोमीटरच्या या सरळ रस्त्यावर तवंदी घाट सोडला तर काही आव्हान नाही, आणि शंभरच्या वेगाला जिम्नीचे इंजिन घोंघावते, गुरखात वाऱ्याचा आवाज येतो, थार त्या मानाने स्थिर वाटते, एवढीच नोंद पुरेशी आहे.

दाजींच्या शिवारात आदल्या संध्याकाळी विजांसह हस्ताचा पाऊस झाला होता. काळ्या मातीचा स्वभाव तांबड्या मातीहून अगदी निराळा आहे. ती चिकण जातीची आहे, पाणी पिऊन फुगते, आणि उन्हाने वरचा पापुद्रा वाळला तरी खाली ओलीच राहते. तांबड्या मातीत चाक निसटते. काळ्या मातीत माती चाकाला धरून बसते, टायरच्या खाचा भरून तो गुळगुळीत करते आणि मग चाक फिरले तरी गाडी जात नाही. इथली पाणंद जांबोटीच्या दुप्पट रुंद आहे, कारण तिच्यातून उसाच्या ट्रॉल्या जातात; त्यामुळे रुंदीचा प्रश्नच संपला आणि चाकोऱ्यांचा प्रश्न सुरू झाला. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि त्यांच्या मधली माती वरंब्यासारखी उभी होती.

जिम्नी आधी निघाली आणि उसाच्या दुसऱ्या फडाशी थांबली. रस्त्याचे टायर पहिल्या पन्नास पावलांतच भरून गेले होते, पण कारण तेवढेच नव्हते. सलग ॲक्सलमध्ये डिफरेन्शियलचा, म्हणजे दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरांच्या पेटीचा, फुगवटा खाली लोंबतो. जमिनीपासून २१० मिलिमीटर उंची असली, तरी चाके चाकोरीत खाली गेल्यावर हा फुगवटा मधला वरंबा नांगरू लागतो. जो सलग ॲक्सल जांबोटीच्या खडकावर वरदान ठरला, तोच इथे अडसर झाला. इंजिन बंद करून आम्ही खुरपे घेऊन चाकांच्या कमानीत भरलेली माती काढली. ती ढेकळाने निघत नव्हती, चिकट पाटीसारखी कापून काढावी लागत होती, आणि एका चाकाची कमान मोकळी करायला दोघांना बराच वेळ लागला. शेवटी गुरखाला मागून पट्टा बांधून जिम्नी बाहेर घेतली.

मग गुरखा त्याच चाकोरीत गेली. मागचे लॉक, थोड्या अंतरावर पुढचेही लॉक, टायरमधली हवा आधीच कमी केलेली. पुढचे लॉक लागल्यावर स्टिअरिंग जवळजवळ वळत नाही, पण चाकोरीत तसेही वळायचे नसते. २५५ मिलिमीटरचे रुंद टायर मातीच्या वर राहिले, २३३ मिलिमीटरच्या उंचीने पोट फारसे टेकले नाही, आणि गाडी एकसारख्या संथ गतीने विहिरीपर्यंत जाऊन परत आली. थारही गेली, मात्र तिला वेग टिकवून ठेवावा लागला. तिच्या मागच्या ॲक्सलचे लॉक चालकाने लावायचे नसून, दोन चाकांच्या गतीतला फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की आपोआप लागते. तोवर चाक थोडे घसरू द्यावे लागते, आणि काळ्या मातीत तेवढ्या वेळात खड्डा होतो. मावसभाऊ ही गाडी रोज चालवतो, म्हणून त्याला तो क्षण बरोबर साधला. नवख्या माणसाला लगेच साधेल असे मला वाटत नाही.

दुपारी रॉक्स आली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आलेली ही पाचदारी थार भारत एनकॅपच्या अपघात-सुरक्षेच्या चाचणीत पाच तारे मिळवलेली आहे, आणि आत बसल्यावर चारही गाड्यांत हीच सर्वांत आरामशीर आहे, याविषयी कोणाचेच दुमत झाले नाही. ताई तर खाली उतरायला तयार नव्हती. रॉक्सची फोर-बाय-फोर फक्त डिझेलमध्ये मिळते, हे घेणाऱ्याने आधी पाहावे. पेट्रोलची गाडी बाहेरून तशीच दिसली, तरी ती मागच्या दोन चाकांवरच चालते. बटनाने लागणारे मागचे लॉक असल्याने काळ्या मातीत ती थारपेक्षा निश्चिंतपणे चालली. परंतु २८५० मिलिमीटरचा व्हीलबेस आणि १८७० मिलिमीटरची रुंदी घेऊन ती आमच्या पाणंदीतल्या वळणाला उभीही राहणार नाही, हे मला पाहताक्षणीच कळले. दाजींना ती मनापासून आवडली आणि त्यांचा गुरखाविषयीचा ठामपणा तिथे पहिल्यांदा हलला.

संध्याकाळी यमगर्णीला वेदगंगेच्या पुलावर थांबलो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत इथे महामार्गावर पाणी आले होते आणि वाहतूक बंद करावी लागली होती. गुरखा ७०० मिलिमीटर आणि थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, असे कंपन्या सांगतात, आणि दाजींचा भाचा त्या आकड्यावर फार विसंबून बोलत होता. त्याला सर्वांनी बसवून समजावले, की हे आकडे साचलेल्या, तळ माहीत असलेल्या पाण्याचे आहेत. गुरखाच्या स्नॉर्केलमुळे, म्हणजे वर नेलेल्या हवेच्या नळीमुळे, इंजिनाला हवा वरून मिळते, एवढेच त्याचे काम. वाहत्या पाण्याचा रेटा दाराला लागला आणि चाकांवरचा भार कमी झाला, की दोन टनांची गाडीही रस्ता सोडते. पुराच्या वेळी या पुलापाशी कोणती गाडी न्यावी, या प्रश्नाचे आमच्या घरात आता एकच उत्तर आहे: कोणतीच नाही.

सोमवार: निर्णय

सकाळी दाजींच्या सोप्यात वह्या उघडून बसलो. दोन्ही घरांनी एकच गाडी घेण्याचा विचार दाजींनी स्वतःच मागे घेतला. आमच्याकडे रुंदी आणि वळण ठरवते, त्यांच्याकडे चाकोरीची खोली आणि मातीची चिकटाई ठरवते, आणि एका मापाची गाडी या दोन्हींचे समाधान करीत नाही, हे त्यांनी ताईला मोजपट्टी दाखवून सांगितले. मी मॅन्युअल गिअरची जिम्नी घेणार आहे. टायर ऑल-टेरेन घालायचे, पण माप कंपनीचेच, १९५/८० आर १५ ठेवायचे. मोठे टायर घातले तर आधीच कमी असलेला टॉर्क आणखी कमी पडेल आणि अरुंदपणाचा फायदाही जाईल. पुढे-मागे ओढण्याचे हुक कायम मोकळे ठेवायचे आणि एक चांगला पट्टा व छोटा हवेचा पंप गाडीतच ठेवायचा. महामार्गावरचा घोंघाट आणि लहान डिकी मी जाणून-बुजून पत्करली आहे, कारण निपाणीला मी सणासुदीला जातो आणि बागेत आठवड्याला.

नोंदणीचा प्रश्नही निघाला. कर्नाटकात गाडीचा आजीवन कर महाराष्ट्रापेक्षा जड पडतो, म्हणून कोल्हापूरच्या एमएच-०९ क्रमांकाची गाडी घेऊन इकडे वापरण्याचा मोह सीमाभागात अनेकांना होतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते, आणि मग कर चुकत नाही, वर कागदपत्रांची दगदग वाढते. मी बेळगावात राहतो, तेव्हा गाडी केए-२२ चीच असेल; दाजींची चिकोडीच्या केए-२३ ची.

दाजींचे गुरखा की रॉक्स, हे अजून ठरलेले नाही. त्यांच्या घरात सात माणसे आहेत आणि पाचदारी गुरखात सात जण बसतात. शिवाय दोन्ही ॲक्सलना लॉक असलेली तीच एक. ताईचे मत आराम आणि सुरक्षिततेच्या बाजूने पक्के आहे आणि तेही खोडून काढण्याजोगे नाही. मी दाजींना एवढेच सुचवले, की रॉक्स पुन्हा एकदा मागून घ्यावी आणि या खेपेस ताईने ती स्वतः विहिरीपर्यंत चालवावी, कारण दुपारची भाकरी आणि मजुरांचे पगार घेऊन रानात बहुतेक वेळा तीच जाते. हे मात्र लवकर करायला हवे. ऊसतोड सुरू झाली की भरलेल्या ट्रॉल्या त्या चाकोऱ्या आणखी खोल करतील.